अँडरसनव्हिलचा कॅप्टन विर्झ: फाशी योग्य की अयोग्य? (काथ्याकूट)

गोदाकाठ

मे महिन्यात आई-बाबा नाशिकहून आमच्याकडे अटलांटाला आले होते. मत्स्यालय, कोकाकोला, स्टोन माउंटन सगळं उरकलं. मग बाबा म्हणाले, "आता गर्दी नसेल असं काहीतरी दाखव." बाबांची उभी नोकरी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. जुन्या नोंदी म्हटलं की त्यांना चहा लागत नाही. म्हणून एका शनिवारी त्यांना घेऊन दक्षिणेला अडीच तासांवरच्या अँडरसनव्हिलला गेले.

अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांनी इथे युद्धकैद्यांसाठी तुरुंग बांधला होता. कागदोपत्री नाव कॅम्प सम्टर. तुरुंग म्हणजे इमारत नव्हे, नुसतं मैदान. भोवती पाइनच्या ओंडक्यांचा पंधरा-सोळा फूट उंच कोट, तोही आसपासच्या मळ्यांतल्या गुलामांकडून उभा करून घेतलेला. मधून एक ओढा. छप्पर नाही, बराक नाही. कैद्यांनी चार काठ्यांवर फाटकी घोंगडी टाकायची, नाहीतर जमिनीत खड्डा खणून त्यात पडायचं.

आज तिथे नुसतं गवत आहे. कोट कुठे होता ते पांढऱ्या खुंट्यांच्या रांगेने दाखवलंय. त्या रांगेच्या आत काही पावलांवर खुंट्यांची दुसरी रांग. ती 'डेडलाइन'. तिथे तेव्हा लाकडाची एक हलकी पट्टी होती. तिच्यापलीकडे हात गेला तरी वरच्या मचाणावरच्या पहारेकऱ्याला गोळी घालायची मुभा. आपण ऑफिसात दिवसातून दहा वेळा उच्चारतो तो शब्द असा रुजला.

बाबा माहितीफलकापाशी थांबले आणि फोनवर हिशोब करायला लागले. आधी साडेसोळा एकर, जून १८६४ मध्ये वाढवून साडेसव्वीस. ठरवलं होतं दहा हजार कैद्यांसाठी, ऑगस्टमध्ये आत होते सुमारे तेहतीस हजार. "साडेसव्वीस एकर म्हणजे एक हजार साठ गुंठे. एका गुंठ्यात एकतीस माणसं गं! आणि त्यातून हा दलदलीचा पट्टा वजा कर, ती तुझी डेडलाइन वजा कर." मग कितीतरी वेळ काही बोलले नाहीत.

तुरुंग चालला चौदा महिने. एकूण कैदी अंदाजे पंचेचाळीस हजार, मेले तेरा हजारांच्या जरा आत. एकट्या ऑगस्टमध्ये जवळपास तीन हजार.

आता धाग्याचा विषय. आतला कारभार ज्याच्या हाती होता तो कॅप्टन हेन्री विर्झ. जन्म झुरिकचा, २५ नोव्हेंबर १८२३. डॉक्टर व्हायचं होतं, घरून पाठबळ मिळालं नाही, व्यापारात पडला. पैशांच्या भानगडीत तिकडे शिक्षा झाली, मग देशाबाहेर जावं लागलं. पहिली बायको-मुलं मागेच राहिली. १८४९ मध्ये अमेरिका. मॅसॅच्युसेट्सच्या गिरणीत मजुरी, केंटकीत एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी, तिथेच एका विधवेशी दुसरं लग्न, मग लुइझियानात एका मळ्यावर गुलामांचा वैद्य. पदवी-बिदवी काही नाही. १८६१ मध्ये दक्षिणेच्या सैन्यात भरती, पुढच्या वर्षी सेव्हन पाइन्सच्या लढाईत उजवा हात जायबंदी झाला, तो कायमचाच. हात गेला, कॅप्टनकी मिळाली, आणि जनरल विंडरच्या हाताखाली कैद्यांचं खातं आलं. मध्ये सरकारी कागद घेऊन युरोपचा एक फेरा झाला. परतल्यावर मार्च १८६४ अखेर अँडरसनव्हिल.

युद्ध संपलं, मे १८६५ मध्ये त्याला तिथेच पकडलं. वॉशिंग्टनमध्ये लष्करी आयोगापुढे खटला चालला आणि १० नोव्हेंबर १८६५ ला फाशी. बेचाळीस पूर्ण व्हायला पंधरा दिवस कमी होते. त्या सकाळचे फोटो आहेत. मागे कॅपिटॉलचा घुमट, पुढे वधस्तंभ. भोवती उभे असलेले शिपाई एका लयीत ओरडत होते, "विर्झ, अँडरसनव्हिल आठव!" दोर खेचला तेव्हा मान मोडली नाही, गुदमरत गेला. ज्या तुरुंगाच्या आवारात फाशी झाली त्याची इमारत पुढे गेली, आज तिथे अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय आहे.

दुसरीकडे अँडरसनव्हिल गावात भर रस्त्याच्या मधोमध याच विर्झचा उंच दगडी स्तंभ उभा आहे, दक्षिणेतल्या महिलांच्या एका संघटनेने १९०९ मध्ये बांधलेला. त्यावर तो हुतात्मा. पलीकडच्या कबरस्तानात तो राक्षस. चालत जाण्याएवढं अंतर.

मला स्वतःला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून इथे टाकतेय.

पिंपळपान

वाचतेय. डेडलाइनचं वाचून अंगावर काटा आला. सोमवारी मॅनेजरला सांगणार आहे. बाबांच्या गुंठ्यांच्या हिशोबाला सलाम, एकरांनी काही कळलं नव्हतं, गुंठ्यांनी कळलं.

रोखठोक_९

यात काथ्याकूट कसला? तेरा हजार माणसं मारली, फाशी झाली, विषय संपला. हल्ली प्रत्येक खलनायकाची 'दुसरी बाजू' दाखवायची फॅशन आलीये. मॅडम आता हिटलरवर पण धागा काढा.

अडाणी_वकील

@रोखठोक_९, "तेरा हजार मारली" असं कुणी सिद्ध केलं, हाच तर मुद्दा आहे. जरा खटल्याकडे बघू.

दोन आरोप होते. पहिला, दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस आणि इतरांबरोबर कट करून कैद्यांचा जीव घेण्याचा. दुसरा, तेरा खुनांचा: कुणाला गोळी, कुणाला लाथा, कुणामागे कुत्री, कुणाला बेड्यांत घालून. पहिल्या मसुद्यात दक्षिणेचा सेनापती जनरल ली याचंही नाव होतं. उत्तरेचा युद्धमंत्री स्टँटन याने ते आरोपपत्र परत घ्यायला लावलं आणि लीचं नाव गळालं. आता गंमत बघा. कटाला किमान दोघं लागतात. शिक्षा झाली एकट्याला. डेव्हिस दोन वर्षं किल्ल्यात होता, १८६७ मध्ये जामिनावर सुटला, त्याच्यावर खटला उभाच राहिला नाही. विंडर तर फेब्रुवारी १८६५ मध्येच वारला होता.

खुनांचं म्हणाल तर मेलेल्यांची नावंच आरोपपत्रात नाहीत. "नाव अज्ञात" अशा तेरा माणसांचे खून. काही घटना ऑगस्टमधल्या सांगितल्या, आणि ऑगस्टमध्ये विर्झ आजारी रजेवर होता, जागी दुसरा लेफ्टनंट. त्याने अमक्याला मारमार मारलं म्हणतात, तर उजव्या हाताने त्याला धड काही धरता येत नव्हतं. खटल्यातही तो बहुतेक वेळ कोचावर आडवा असायचा, इतका खंगला होता.

आणि तो फेलिक्स द ला बॉम! फिर्यादी पक्षाचा हुकमी साक्षीदार. स्वतःला लाफाएतचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या फ्रेंच सेनानीचा, नातेवाईक म्हणवत होता. विर्झने स्वतःच्या हाताने कैद्यांना गोळ्या घातलेल्या पाहिल्या म्हणाला. निकालाआधीच त्याला सरकारी खात्यात कारकुनी मिळाली. फाशीनंतर काही दिवसांत उघड झालं की हा फेलिक्स ओझर नावाचा पळपुटा शिपाई आहे. नोकरी गेली. पण तोवर ज्याला लटकवायचं त्याला लटकवून झालं होतं.

बचावाचे पहिले वकील खटला सोडून गेले. लुई शेड शेवटपर्यंत टिकला. आयोगाचा अध्यक्ष जनरल लू वॉलेस. लिंकनच्या खुन्यांच्या खटल्यातही तो आयोगावर होता, त्यालाही तेव्हा जेमतेम दीड महिना झालेला. हवा काय होती याची कल्पना करा.

मी त्याला निर्दोष म्हणत नाहीये. हा खटला आज कुठल्याही कोर्टात अपिलात एक दिवस टिकला नसता, एवढंच म्हणतोय.

रोखठोक_९

वकिलांना सगळेच अशील वाटतात.

संपादक

वैयक्तिक शेरेबाजी नको. विषयावर राहा.

डॉ_कडुनिंब

वैद्यकीय बाजूने थोडं. एवढे लोक मेले ते मुख्यतः अतिसार, आमांश आणि स्कर्व्हीने. स्कर्व्ही म्हणजे क जीवनसत्त्वाचा अभाव. हिरड्या सुजून काळ्या पडतात, दात हातात येतात. त्याहून भयानक म्हणजे वर्षांपूर्वी भरलेली जखम पुन्हा उघडते. लढाईत बरा झालेला माणूस तुरुंगात त्याच जखमेने मरतो.

उपाय तेव्हाही ठाऊक होता. ताजी भाजी, लिंबू. जॉर्जियात रताळी होत होती. आणि कैद्यांना मिळत होतं काय, तर कणसाच्या दांड्यासकट दळलेलं मक्याचं जाडंभरडं पीठ, न चाळलेलं. आधीच आमांश झालेल्या आतड्यांतून ते जातं म्हणजे काचपेपरच.

सप्टेंबर १८६४ मध्ये जोसेफ जोन्स नावाचे दक्षिणेचेच डॉक्टर तिथे अभ्यासाला आले. त्यांनी आपल्या सरकारसाठी लिहिलेला अहवाल पुढे विर्झविरुद्धच पुरावा म्हणून वापरला गेला.

आरोपांत एक "विषारी लस टोचली" असाही होता. देवीची लस टोचल्यावर कैद्यांच्या दंडावर मोठाले व्रण झाले, काहींचे हात गेले, हे खरं. पण ते विष नसावं. स्कर्व्ही झालेलं शरीर, एकाच्या खपलीतून दुसऱ्याला टोचायची पद्धत, आणि जंतूंमुळे जखम चिघळते हे तिथे कुणाला माहीत नाही. योगायोग बघा, ग्लासगोमध्ये लिस्टरने कार्बोलिक आम्ल लावून पहिली जखम बांधली ती ऑगस्ट १८६५ मध्ये. त्याच महिन्याच्या २३ तारखेला विर्झचा खटला सुरू झाला.

एक_वऱ्हाडी

अवांतर, पण राहवत नाही. याच युद्धामुळे आमच्या वऱ्हाडातल्या अन् खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडच्या गिरण्या अडल्या, मग मुंबईतून कापूस. गाद्या उसवून कापूस विकला असं आजीकडून ऐकलंय, खरं-खोटं तिलाच माहीत. मुंबईत शेअरचं वेड लागलं, प्रेमचंद रायचंद राजा झाला. एप्रिल १८६५ मध्ये लीने शस्त्रं ठेवली अन् इकडे सगळा फुगा फुस्स. म्हणजे विर्झ कोठडीत बसला होता तेव्हा इकडे मुंबईचे शेठ दिवाळं काढत होते. इतिहासाच्या तासाला हे दोन वेगळे धडे होते बा, एकमेकांशी ओळख नसलेले.

तात्या_नगरकर

मंडळी, नेहमी नुसता वाचतो, आज लिहितो. तुरुंग खात्यात एकतीस वर्षं काढली, वॉर्डर लोकांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. कुठल्या तुरुंगात ते विचारू नका.

ज्या जेलची क्षमता आठशे, तिथे मी अठराशे बंदी सांभाळलेत. त्यामुळे हा विर्झ मला पूर्ण परका वाटत नाही. गर्दी तुम्ही मागवत नाही. ती वरून येते. गाडी दारात उभी राहते, वॉरंट असतं, नाही म्हणता येत नाही. रेशन दुसरा खरेदी करतो, डॉक्टर दुसऱ्याचा, पहारा तिसऱ्याचा, आणि माणूस मेला की रजिस्टरला सही तुमची.

पण तुमच्या धाग्यात एक गोष्ट मला हवी होती ती नाही. जेलरची परीक्षा पैशाशिवाय होणाऱ्या गोष्टींत असते. शौचकूप ओढ्याच्या वरच्या अंगाला की खालच्या? स्वयंपाकघर कुठे? गिनती जमली नाही तर काय करता? गोदाताई, याची काही माहिती आहे का?

गोदाकाठ

तात्याकाका, बरं झालं विचारलंत.

शौचाची जागा ओढ्याच्या खालच्या अंगाला होती, म्हणजे निदान हेतू तरी बरोबर. पण ओढा इतका मंद की पाऊस पडला नाही तर घाण तिथेच साचायची. भटारखाना कोटाच्या बाहेर, ओढ्याच्या वरच्या अंगाला. तिथला तेलकट तवंग आणि पहारेकऱ्यांच्या छावणीची घाण वाहत कैद्यांच्या पिण्याच्या पाण्यात. मात्र ही जागा विर्झने निवडली नव्हती. ती क्वार्टरमास्टरच्या, म्हणजे रसद अधिकाऱ्याच्या अखत्यारीतली, आणि हा अधिकारी म्हणजे जनरल विंडरचाच नातलग.

जूनमध्ये विर्झने वर पत्र लिहिलं आहे. भटारखान्याची भाकरी खाण्याच्या लायकीची नाही, पिठात सहावा हिस्सा कोंडा आहे, यामुळे आमांश वाढतोय, चाळण्या द्या. बादल्या नाहीत म्हणूनही लिहिलंय. सही विर्झची.

गिनतीचं मात्र असं होतं. नव्वद जणांची एक तुकडी, तीन तुकड्यांचा एक गट, दोनशे सत्तरचा. रोज सकाळी मोजणी. एखाद्या तुकडीत माणूस कमी भरला तर हिशोब लागेपर्यंत त्या अख्ख्या तुकडीचं त्या दिवशीचं रेशन बंद. हा नियम विर्झचा स्वतःचा.

तात्या_नगरकर

मिळालं उत्तर.

पत्र वाचून माणूस ओळखीचा वाटला. अशी पत्रं मीही लिहिलीत, आणि त्यांच्या स्थळप्रती जपून ठेवल्यात. ती पत्रं कैद्यांसाठी जेवढी असतात तेवढीच स्वतःसाठी असतात, पुढे चौकशी लागली तर दाखवायला. त्यात वाईट काही नाही. चाळणी मागणारा माणूस न मागणाऱ्यापेक्षा बरा.

पण गिनतीवरून एक सांगतो. नोकरीचं दुसरं-तिसरं वर्ष. संध्याकाळी बंदी करायची वेळ, गिनतीत एक कमी. तीनदा मोजलं, एक कमीच. मी तापलो. म्हटलं, एक सापडेपर्यंत कुणाला जेवण नाही. आमचे जुने हवालदार होते, निवृत्तीला आलेले. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब, जेवायला बसवा. पंगतीत मोजू." बसवलं. उभ्या माणसांच्या रांगा हलतात, बसलेल्यांच्या हलत नाहीत. पाच मिनिटांत कळलं की सातव्या बराकीतला एक जण नाही. तो गोदामात धान्याच्या पोत्यांमागे झोपला होता, अंगात ताप होता.

तेव्हा विर्झने रेशन बंद केलं ते कुणी रिचमंडहून, दक्षिणेच्या राजधानीतून, सांगितलं नव्हतं. स्कर्व्हीने पाय सुजलेला माणूस खड्ड्यातून उठून रांगेत येऊ शकला नाही, म्हणून बाकीचे एकोणनव्वद उपाशी. त्या उपाशांतले किती दुसऱ्या दिवशी उठू शकले नसतील ते डॉक्टरसाहेब सांगतील. खुनाच्या तेरा कलमांत हे कलम नव्हतं का?

अडाणी_वकील

तात्या, रेशन रोखल्याचा उल्लेख कटाच्या आरोपात येतो, पण स्वतंत्र खून म्हणून नाही. ठपका ठेवायचा तर गोळी, लाथ, कुत्री लागतात, ती डोळ्यांना दिसतात.

दिसणाऱ्यांतलं एक तर खरंच विर्झच्या अंगावर येतं. 'चिकामॉगा' असं टोपणनाव असलेला एका पायाचा कैदी होता, कुबड्यांवर चालणारा. भुयारांची खबर देतो म्हणून बाकीचे त्याच्या जिवावर उठले. घाबरून तो डेडलाइनच्या पलीकडे शिरला, मला बाहेर काढा म्हणत बसला. विर्झ आला, बाचाबाची झाली, परत जा म्हणाला. तो परत जाऊन पुन्हा पलीकडे शिरला आणि पहारेकऱ्याने गोळी घातली. विर्झने तेव्हा नेमकं काय फर्मावलं यावर साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. पण कुबडीवरच्या माणसाला दोन शिपाई उचलून बाहेर नेऊ शकले असते.

रोखठोक_९

हेच मी पहिल्या प्रतिसादात एका ओळीत म्हणालो होतो.

अडाणी_वकील

नाही. तुम्ही तेरा हजार म्हणाला होतात.

उत्तरायण

मी न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात राहतो, एल्मायरा इथून जवळ आहे. तिथे उत्तरेचा तुरुंग होता, दक्षिणेच्या कैद्यांसाठी. वर्षभर चालला. बारा हजार कैदी, मेले तीन हजारांच्या जरा आत. म्हणजे चारात एक. अँडरसनव्हिलला त्याहून थोडं जास्त. फरक हा की उत्तरेकडे धान्य होतं, लाकूड होतं, आगगाड्या चालू होत्या. बर्फात माणसं घोंगड्यांशिवाय मेली. तुरुंगाबाहेर लोकांनी लाकडी मनोरे उभारले होते. काही सेंट द्यायचे, वर चढायचं, आणि कैदी बघायचे. यात्रेतल्या पाळण्यासारखं.

एल्मायराच्या कुणाही अधिकाऱ्यावर खटला झाला नाही.

मिठाची_बाहुली

@उत्तरायण, ही तुलना नेहमी येते आणि नेहमी एकाच गोष्टीकडून नजर वळवायला येते. कैद्यांची अदलाबदल चालू असती तर एल्मायराही भरलं नसतं आणि अँडरसनव्हिलही नाही. १८६२ च्या जुलैत दोन्ही बाजूंचा करार झाला होता, माणसामागे माणूस. तो मोडला का? उत्तरेने काळ्या लोकांना सैन्यात घेतलं आणि दक्षिण म्हणाली, हे शिपाई नाहीत, आमची पळालेली मालमत्ता आहे, सापडले तर परत करणार नाही. लिंकन सरकार म्हणालं, मग कुणाचीच अदलाबदल नाही.

उत्तरेचा सेनापती ग्रँट, त्याला अदलाबदल लष्करीदृष्ट्याही परवडत नव्हती हे खरं. सुटलेला दक्षिणी शिपाई लगेच परत बंदूक घेतो. ऑगस्ट १८६४ मधलं त्याचं तसं वाक्य विर्झच्या स्तंभावर कोरलेलं आहे: आपल्या कैद्यांवर हे क्रूर आहे, पण फौजेत उरलेल्यांवर ही दया आहे. स्तंभावर ते वाक्य आहे, करार कशावरून मोडला ते नाही. अँडरसनव्हिलमध्ये शंभराच्या आसपास काळे सैनिकही कैदी होते, त्यांना वेठीला लावलं होतं. बघा, या धाग्यावर एवढे प्रतिसाद झाले आणि त्यांचा उल्लेख आत्ता येतोय.

उत्तरायण

मान्य. मी नजर वळवत नव्हतो, पण मान्य.

सातारकर_मावळा

आमच्याकडचा एक धागा यात अडकलाय. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या (आजचा इराक) कुतच्या वेढ्यात २९ एप्रिल १९१६ ला जी फौज तुर्कांना शरण गेली ती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. माझे पणजोबा त्यांतल्या एकीत. पकडलेल्यांना मेसोपोटेमियाच्या उन्हातून चालवत नेलं, वाटेत पडतील ते पडतील. पणजोबा परत आले नाहीत. त्यांचा फोटो नाही, कबर नाही, कुठे पडले तेही नाही. घरात फक्त त्यांच्या नावाचं पान वाढतात, सर्वपित्रीला, कारण तिथी माहीत नाही.

धागा वाचताना विर्झचा विचार कमी आला. ज्यांच्या ताब्यात पणजोबा होते त्यांचं नाव काय असेल असं वाटलं. फाशी नको, नुसतं नाव.

पिंपळपान

@सातारकर_मावळा 🙏

तात्या_नगरकर

"हुकूम म्हणून केलं" याबद्दल कुणी लिहिलंच नाही. फाशीआधी तो अधिकाऱ्याला म्हणाला म्हणे, हुकूम म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, हुकूम पाळल्याबद्दलच मला फाशी होतेय. असं काही आहे का?

अडाणी_वकील

सांगतात तसं. गंमत अशी की ज्या मेजरला तो हे म्हणाला तो स्वतः हुकूम म्हणूनच फाशी देत होता. उत्तरेने १८६३ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सिस लीबर नावाच्या जर्मन वंशाच्या प्राध्यापकाकडून युद्धाचे लेखी नियम करून घेतले होते. कैद्यांना साधं, सकस अन्न द्यावं, माणुसकीने वागवावं, आणि पुढे शेपूट, 'शक्य असेल तितपत'. सगळा वाद त्या शेपटात आहे. काय शक्य होतं?

तात्या_नगरकर

पंगतीत मोजणं शक्य होतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. धागा काढला तेव्हा मला ठरवता येत नव्हतं, आता थोडं ठरलंय. तेरा हजारांसाठी त्याला फाशी देणं म्हणजे डेव्हिस, विंडर, स्टँटन सगळ्यांचा हिशोब एका कॅप्टनच्या खात्यावर लिहिणं. पण एकोणनव्वदांचं रेशन त्याच्याच खात्यावर. त्याची शिक्षा काय, ते तुम्ही सांगा.

जाता जाता बाबांचं. म्युझियममधून ते मला जवळजवळ ओढतच एका नोंदीपाशी घेऊन गेले. डॉरेन्स ॲटवॉटर नावाचा एकोणीस वर्षांचा कैदी. अक्षर चांगलं म्हणून त्याला मृतांची वही लिहायला बसवलं होतं. त्याने गुपचूप दुसरी प्रत केली आणि सुटताना कोटाच्या अस्तरात लपवून नेली. त्या यादीवरून १८६५ च्या उन्हाळ्यात क्लारा बार्टन या युद्धातल्या परिचारिकेबरोबर जाऊन त्याने कबरी ओळखून नावांच्या पाट्या लावल्या. म्हणून तेरा हजारांपैकी जेमतेम साडेचारशेच्या आसपास कबरींवर 'अज्ञात' आहे. आणि मग त्याच्याच सरकारने ती यादी चोरली म्हणून त्याच्यावर लष्करी खटला भरला, अठरा महिने सक्तमजुरी. विर्झचा खटला चालू होता त्याच सप्टेंबरात. दोनेक महिन्यांनी सुटला.

बाबा म्हणाले, "स्थळप्रत काढली म्हणून शिक्षा?" रेकॉर्ड रूममधल्या माणसाला याहून मोठा धक्का नाही.

मग आम्ही कबरी बघितल्या. दगड एकमेकांना चिकटून, कारण खाली माणसं खांद्याला खांदा लावून ठेवली आहेत. क्रमांक मरणाच्या क्रमाने. पहिला क्रमांक ॲडम स्वार्नर, घोडदळातला, २७ फेब्रुवारी १८६४, न्यूमोनिया. त्याचा भाऊ जेकबही तिथेच कैदी होता. तो जुलैत गेला. त्याचा क्रमांक ४००५.

बाबा त्या दोन दगडांमधलं अंतर चालून बघायला निघाले. ऊन फार होतं, आईने अर्ध्यातून परत बोलावलं.